गोडाची तल्लफ, आहार आणि व्यायाम: सभासदांसाठी माहितीपत्रक

जळगाव येथील आमच्या व्यायामशाळेत नव्याने येणाऱ्या सभासदांकडून पहिल्याच भेटीत एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवसभर पथ्य नीट सांभाळले जाते, व्यायामही होतो. मात्र संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास किंवा रात्रीच्या जेवणानंतर गोड खाण्याची इच्छा इतकी अनावर होते की सगळा नेम मोडतो. यानंतर बहुतेक जण आपल्या मनोनिग्रहाला दोष देतात. आमचे मत असे आहे की संध्याकाळच्या तल्लफेची तयारी सकाळच्या चहापासून, पुष्कळदा आदल्या रात्रीच्या अपुऱ्या झोपेपासूनच सुरू झालेली असते आणि म्हणून तिचा बंदोबस्तही तेथूनच करावा लागतो.

तल्लफ कशी तयार होते

सकाळी चहाबरोबर दोन टोस्ट किंवा चार बिस्किटे, दुपारी उशिराने पोळी आणि पातळ भाजी, मग पुन्हा चहा, असा दिवस गेला की पोटात पिष्टमय पदार्थ आणि साखर भरपूर जाते, पण प्रथिने आणि तंतू फार थोडे जातात. मैदा आणि साखर लवकर पचतात, रक्तातील साखर झपाट्याने वाढते, तितक्याच लवकर खाली येते आणि भूक पुन्हा जागी होते. अशा वेळी शरीर झटपट ऊर्जा देणारे काहीतरी मागते आणि सवयीने हात मिठाईच्या डब्याकडे जातो. त्यातच दुपारच्या जेवणानंतर काहीही न खाता संध्याकाळी जोरदार व्यायाम केला, तर स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा खर्ची पडतो आणि घरी पोहोचेपर्यंत ही ओढ दुप्पट झालेली असते.

झोपेचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. रात्री पाच तास झोप झाली, तर भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते, आणि दुसऱ्या दिवशी गोड व तळकट पदार्थ अधिक हवेसे वाटतात, असे संशोधनात आढळले आहे. म्हणून आम्ही आहाराचा तक्ता लिहिण्यापूर्वी झोपेची वेळ विचारतो. सभासदांना त्याचे आश्चर्य वाटते, परंतु ती विचारपूस सोडायची आमची तयारी नाही.

साखर नेमकी किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखर, म्हणजे पदार्थांत वरून घातलेली आणि मध व रसांत असणारी साखर, एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांहून कमी ठेवावी. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ अनुक्रमे सुमारे ५० आणि २५ ग्रॅम असा होतो. एका सपाट चमच्यात अंदाजे ४ ग्रॅम साखर मावते. प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालून दिवसातून चार वेळा चहा घेणाऱ्याच्या पोटात ३२ ग्रॅम साखर जाते, तीही कोणताही गोड पदार्थ न खाता. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, दुकानात बसलो की चहा, सौदा ठरला की चहा, हा शिष्टाचार आहे आणि तो मोडावा असे आम्ही सुचवत नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी कपातील साखर अर्ध्या चमच्याने कमी करावी. जीभ काही आठवड्यांत या चवीला सरावते आणि पूर्वीचाच चहा मग अति गोड लागू लागतो.

गुळाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत गैरसमज मोठा आहे. गुळात थोडेफार लोह आणि खनिजे असतात हे खरे. तथापि त्याचा मुख्य घटक सुक्रोज, म्हणजे साखरच, आहे. मध आणि रसवंतीवरचा उसाचा रस यांची गणनाही मुक्त साखरेतच होते. रसाच्या एका मोठ्या पेल्यात दिवसभराची २५ ग्रॅमची मर्यादा सहज संपते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चहाचे कप वाढवणाऱ्यांचे वजन कमी होत नाही, आणि मग ते व्यायामाला दोष देतात. कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांबाबतही सावध राहावे, असे आमचे सांगणे आहे. मधुमेह नसलेल्या व्यक्तींनी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली आहे. शिवाय त्या गोळ्यांमुळे जिभेची गोडाची सवय सुटत नाही.

पाकिटबंद पदार्थ घेताना मागील बाजूचा पोषणतक्ता वाचावा आणि त्यातील वरून घातलेल्या साखरेचा आकडा पाहावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट सिरप दिसले, तर पाकिटावर कितीही पौष्टिक धान्यांची चित्रे असली तरी तो गोड पदार्थच समजावा. साध्या ग्लुकोज बिस्किटांतही वजनाच्या सुमारे पाव हिस्सा साखर असते.

आपल्याच घरातील उपाय

खान्देशातील जुन्या स्वयंपाकात तल्लफेवरचा उत्तम तोडगा आहे आणि तो विकत आणावा लागत नाही. कळण्याची भाकरी ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून करतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, उडदात ते चांगल्या प्रमाणात असते. त्यामुळे दोन्ही मिळून मिळणारी प्रथिने एकट्या ज्वारीपेक्षा सरस ठरतात. जोडीला भरीत, वाटीभर दही, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी असली, तर हे जेवण सावकाश पचते आणि चार-पाच तास गोडाची आठवण सहसा होत नाही. सकाळी दहापूर्वी अशी एक भाकरी खाऊन घराबाहेर पडणारा मनुष्य आणि चहा-टोस्टवर दुपारचे दोन वाजवणारा मनुष्य यांच्या संध्याकाळी वेगळ्या जातात, हे आम्ही सभासदांमध्ये सातत्याने पाहतो. भाकरी जमत नसेल, तर मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी किंवा डाळ घालून केलेले धिरडेही चालेल. प्रत्येक खाण्यात प्रथिनांचा एक पदार्थ असावा, एवढेच पथ्य पुरेसे आहे.

केळ्याची भीती आमच्या जिल्ह्यात तरी कोणी बाळगू नये. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु वजन कमी करण्याच्या नादात आपल्याच सभासदांनी केळे सोडलेले आढळते आणि बिस्किटे मात्र चालू असतात. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे १०० किलोकॅलरी, १४ ग्रॅम नैसर्गिक साखर, ३ ग्रॅम तंतू आणि ४०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. अख्ख्या फळातील ही साखर मुक्त साखरेत धरली जात नाही. संध्याकाळी व्यायामाला येण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास एक केळे आणि मूठभर शेंगदाणे खावेत. त्याने व्यायामात दम टिकतो आणि नंतरची ओढ लक्षणीय कमी होते. शिकरण करायचे असल्यास त्यात साखर घालू नये, पिकलेले केळे पुरेसे गोड असते. मधुमेह असलेल्यांनी केळे कमी पिकलेले आणि अर्धेच घ्यावे आणि आपल्या तपासणीचे आकडे पाहून डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रमाण ठरवावे.

एक तासापर्यंतच्या व्यायामासाठी साखरयुक्त ऊर्जापेयांची गरज नसते; पाणी पुरेसे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी बाहेरून आल्यावर थंडगार गोड पेयाकडे मन ओढ घेते. आधी दोन पेले पाणी आणि मग जिरे घातलेले पातळ ताक प्यावे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ताकात मीठ घालू नये.

तल्लफ आलीच तर

तल्लफ एकसारखी वाढत राहत नाही. ती चढते आणि थोड्या वेळाने ओसरते. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठातील प्रयोगांत पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्याने चॉकलेट खाण्याची तीव्र इच्छा कमी झालेली आढळली. रात्रीच्या जेवणानंतर घरात बसून डबा उघडण्यापेक्षा गल्लीत किंवा मेहरूण तलावाच्या बाजूला फेरी मारावी. जेवणानंतरच्या अशा चालण्याने रक्तातील साखरेची वाढही मर्यादित राहते. मात्र चालून झाले म्हणून बक्षीस घेऊ नये. पाऊण तास भरभर चालण्यात साधारण २०० किलोकॅलरी खर्च होतात, त्या दीड गुलाबजामात परत येतात.

सणांविषयी आमचे धोरण कठोर नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरचे मांडे, श्रावणातील कानबाईच्या उत्सवाच्या वेळची पुरणपोळी, हे सोडून कोणी निरोगी होत नाही, आणि आईने वाढलेले ताट नाकारायला आम्ही कोणाला सांगणारही नाही. ते त्या दिवशी, जेवणाबरोबर, पोटभर भाजी-वरण घेतल्यानंतर खावे. आमरसात वरून साखर घालू नये. उरलेल्या सांजोऱ्या चार दिवस डब्यात राहतात आणि जाता-येता संपतात. खरे नुकसान तेथे होते. त्या शेजारी-पाजारी वाटून टाकाव्यात.

ही तल्लफ दाबू नका

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्या सभासदांना व्यायामादरम्यान किंवा नंतर एकाएकी घाम, हातांना थरथर, धडधड, चक्कर आणि तीव्र भूक जाणवली, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी व्यायाम तत्काळ थांबवावा, सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि ती कमीच असल्यास पुन्हा तेवढेच घ्यावे. शुद्ध हरपत असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. अशी औषधे चालू असल्यास प्रवेशाच्या दिवशीच प्रशिक्षकांना सांगावे.

आहारसल्ल्यासाठी येताना मागील तीन दिवसांत जे खाल्ले-प्याले ते वेळेसह लिहून आणावे. चहाचे कप आणि त्यातील साखरेचे चमचे जरूर नोंदवावेत, झोपेचे तास लिहावेत, आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी. पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही फक्त सकाळचा नाश्ता आणि चहातील साखर एवढेच बदलतो. बाकीचा तक्ता त्यानंतर तयार केला जातो.