तलाठ्याच्या दप्तरातला डेटाबेस

निवृत्त झाल्यावर मामांनी संगणकाचा क्लास लावला. नोकरीची बहुतेक वर्षं तलाठी म्हणून गेलेली, त्यामुळे शिकायला बसण्याची सवय मोडलेली. इनपुट म्हणजे काय, आउटपुट म्हणजे काय, सीपीयूचे, म्हणजे संगणकाच्या मेंदूचे, भाग किती, अशा व्याख्या लिहून लिहून ते पहिल्या महिन्यातच वैतागले. मग एके दिवशी फळ्यावर 'प्रायमरी की' हा शब्द आला, म्हणजे एखादी नोंद नेमकी ओळखायची एकमेव खूण. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "म्हणजे गट नंबरच ना रे?"

अगदी तेच. माझं तर मत असं झालंय की नवशिक्याला संगणक शिकवायचा तर सुरुवात सीपीयूपासून करूच नये. आधी नोंदी, मग त्या नोंदी इकडून तिकडे कशा जातात ते, आणि यंत्राच्या पोटात काय आहे ते सगळ्यात शेवटी.

गट नंबरच का, नाव का नाही? एका गावात एकाच नावाचे तीन खातेदार सहज सापडतात, पण त्या गावात एका गट नंबराची जमीन एकच असते. गट नंबर ४२ मात्र शेजारच्या गावातही असतो. म्हणून ऑनलाइन सातबारा काढताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी गट नंबर विचारतात. चारही मिळून ओळख पक्की होते. डेटाबेस म्हणजे संगणकातलं नोंदींचं दप्तर; डेटाबेसवाले याला संयुक्त की म्हणतात.

तलाठ्याकडे गाव नमुने असतात, एक ते एकवीस. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कोणाची ते, बारामध्ये पीक कोणतं ते. दोन्ही एका कागदावर आले की सातबारा. आठ-अ मध्ये तीच माहिती उलट्या बाजूने येते: या खातेदाराच्या नावावर गावात कुठेकुठे किती जमीन आहे. कागदावर हे दोन्ही नमुने वेगवेगळे लिहावे लागत. सातवर बदल केला आणि आठ-अ वर करायचा राहिला, की दोन खरे कागद एकमेकांना खोटं पाडायचे.

आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये नेमका हाच तिढा सोडवणारा निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहा आणि तक्ते एकमेकांना क्रमांकांनी जोडा, असं त्याचं म्हणणं. खातेदाराचं नाव एका तक्त्यात, जमीन दुसऱ्यात, आणि दोघांना बांधणारा खाते क्रमांक. मग आठ-अ वेगळा लिहून ठेवायची गरजच उरत नाही. मागितला की त्या क्षणी तयार करता येतो. याला संबंधीय डेटाबेस म्हणतात. कॉडला १९८१ मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत हीच पद्धत सर्रास वापरात आहे.

मामांना यापेक्षा जास्त गंमत वाटली ती व्यवहाराची. जमीन विकली गेली की तलाठी थेट सातबाऱ्यावर हात घालत नाही. आधी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, त्यात क्रमवार नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. कागदाच्या काळात तोवर सातबाऱ्यावर फक्त पेन्सिलची नोंद असायची. शाई नंतर. जुनं नाव खोडायचंही नाही, त्याला कंस करायचा.

आता संगणकात बघा. विकणाऱ्याचं नाव निघालं आणि घेणाऱ्याचं चढायच्या आत वीज गेली, तर जमीन कोणाची? डेटाबेस म्हणून आधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहितो: अमुक बदल करायचा आहे, क्रमांक अमुक. ती नोंद पक्की झाल्याशिवाय मुख्य तक्त्यातला बदल पक्का होत नाही. वीज परत आल्यावर तो ती वही वाचतो. व्यवहार पूर्ण झाल्याची खूण दिसली तर बदल पुरा करतो, नसली तर अर्धवट झालेलं सगळं मागे घेतो. मधली अवस्था शिल्लक राहत नाही. या विषयात मोठं काम करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मामांचं यावर एवढंच म्हणणं होतं की फेरफार नोंदवहीचा शोध काही ग्रे यांनी लावला नाही.

नेटवर्कचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण पोस्टमनची उपमा सगळ्यांनी घासून गुळगुळीत केली आहे. मला जुना वाडा उतरवण्याची उपमा पटते. प्रत्येक खांबावर, तुळईवर आकडा घालायचा, सामान मिळेल त्या गाडीने मिळेल त्या रस्त्याने न्यायचं आणि नव्या जागी आकडे बघून पुन्हा उभं करायचं. सातबाऱ्याचं पान तीन लाख बाइटचं (बाइट म्हणजे संगणकातल्या माहितीचं छोटं माप) असेल तर त्याचे दोनशेच्या आसपास तुकडे होतात, कारण एका तुकड्यात साधारण दीड हजार बाइटच मावतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणायचं. प्रत्येकावर कुठून आलं, कुठे जायचं आणि कितवं हे लिहिलेलं असतं. सत्तेचाळिसावं पॅकेट वाटेत हरवलं तर तेवढंच पुन्हा मागवलं जातं. निघण्याआधी एक काम असतं: संकेतस्थळाचं नाव माणसांसाठी, यंत्राला हवा आकडी पत्ता. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये आली.

एवढं कळलं की 'नेट नाही' हे सरसकट वाक्य बंद होतं. स्क्रीनवर संकेतस्थळाचा पत्ताच सापडत नाही असं आलं, तर गाडी डीएनएसपाशी अडकली आहे. खूप वेळ वाट पाहून वेळ संपल्याचा संदेश आला, तर पॅकेट पोचत नाहीत किंवा उत्तर परत येत नाही. पण ४०४ किंवा ५०३ असा आकडा दिसला, तर तुमचं नेट ठणठणीत आहे! समोरच्या यंत्रानेच तो आकडा पाठवला आहे. ४०४ म्हणजे असं पान माझ्याकडे नाही, ५०३ म्हणजे आत्ता मला जमत नाही. अशा वेळी मोबाइल बंद करून चालू करण्यात अर्थ नसतो. मामा तरी करतात.

मग उशीर कुठे होतो? अंतरामुळे फारसा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सातशे किलोमीटरला साडेतीन मिलिसेकंद. खरी वाट बघावी लागते ती पलीकडच्या यंत्रातल्या कपाटापाशी.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कारकुनाच्या टेबलावर उघडा पडलेला कागद आणि फडताळातल्या रुमालातला कागद, हा जो फरक आहे तोच रॅम आणि डिस्क यांच्यातला. रॅममधून एक नोंद उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. ते एक सेकंद मानलं, तर आजच्या एसएसडी या न फिरणाऱ्या डिस्कमधून नोंद आणायला सोळा-सतरा मिनिटं लागतील आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून एक दिवस आणि वर चार तास. शिवाय वीज गेली की टेबल आपोआप साफ होतं, रुमाल मात्र जागेवर राहतात. मघाची नोंदवही डिस्कवरच लिहावी लागते ती त्यामुळे.

आता दहा लाख नोंदींतून एक शोधायची आहे. सगळ्या वाचत बसलो तर झालंच. क्रमाने लावलेल्या असतील तर दर वेळी निम्म्या बाद करत वीस पावलांत सापडते. पण प्रत्येक पाऊल म्हणजे कपाटाकडे एक फेरी, आणि वीस फेऱ्याही महागच. बोईंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बी-ट्री नावाची सूची काढली. तिच्यात प्रत्येक पायरीवर दोनऐवजी शंभर-दोनशे वाटा फुटतात. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाख. तीन फेऱ्यांत काम. डेटाबेसमधला 'इंडेक्स' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. फुकट मात्र नाही: नवी नोंद आली की ही सूचीही सुधारावी लागते.

अक्षरांचं राहिलं. संगणकाला 'स' कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला आहे, आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्या चिन्हाला तीन बाइट लागतात. 'सातबारा'त काने धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. मराठीतला अर्धा 'र', तो 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधला, इथे खरी गोची करतो. तो टंकायच्या एकाहून जास्त रीती आहेत. एका रीतीत सहा बाइट होतात, दुसरीत नऊ. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात.

घरच्या लग्नाची आमंत्रणं मी हौसेने डेटाबेसमध्ये भरली होती. 'कुऱ्हाडे' शोधलं, शून्य नावं. यादीत डोळ्यांसमोर चार कुऱ्हाडे होते. काही मी लॅपटॉपवर टंकलेले, काही बहिणीने मोबाइलवर. तासभर खपून मी दोन्ही रूपं एक केली. मामा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "सगळ्यांना आधी एकेक खाते क्रमांक दिला असतास तर?"