कादंबरीतला नागमणी आणि कुंपणावरची कात

अद्भुत साहसकथांमध्ये जुनाट वाड्यातला फणीधर हमखास भेटतो, कपाळी लखलखता मणी घेऊन. तोच मणी फॉरवर्डमध्येही फिरतो: ‘शंभर वर्षांच्या नागाच्या डोक्यात मणी तयार होतो, तो विष ओढून घेतो.’ खानापूरकडच्या गावांत आजीच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट खरी वाटणं साहजिक आहे.

पण नाग शंभर वर्षं जगतच नाही. पाळलेला नागही वीस-तीस वर्षांपलीकडे क्वचित जातो. त्याच्या डोक्यात विषाच्या पिशव्या असतात, मेंदू कवटीत घट्ट बसलेला असतो. मण्याला जागाच नाही.

पडताळायला नाग धरू नका. शेताच्या कुंपणावर किंवा दगडी गडग्यात कात सापडली तर उजेडासमोर धरा. साप ती ओठांपासून उलटी सोलत काढतो, मोज्यासारखी. डोक्यावरचे मोठे खवले, डोळ्यांवरच्या काचेसारख्या दोन चकत्या, सगळं त्यात उमटलेलं दिसतं. कपाळावर मणी असता तर तिथे भोक किंवा फुगवटा दिसला असता. कानडी शेजारी ज्या नागाला नागरहावू म्हणतात, त्याच्या कातेतही तसं काही नसतं.

बाजारात दाखवतात तो मणी काच, साधा खडा किंवा जाळलेलं हाड असतो. काही वेळा नागाच्या कातडीला चीर देऊन खडा आत सरकवतात. मग तो काढून दाखवला की खराच वाटतो.

जाळलेलं हाड ओल्या जखमेला चिकटतं, म्हणून ते विष ओढतंय असा भास होतो. पण विष तोवर अंगात भिनलेलं असतं. त्यावर उतारा प्रतिविषाचाच, म्हणून दंश झाल्यावर एक मिनिटही न दवडता थेट दवाखाना गाठा.