संपर्कशोध ॲप आणि गोव्यातील जनमत

बाधित व्यक्तीच्या सहवासात कोण कोण आले होते, याचा माग मोबाइलच्या साहाय्याने काढणाऱ्या प्रणालीला संपर्कशोध ॲप म्हणतात. कोविड-१९ च्या साथीत सिंगापूरने मार्च २०२० मध्ये ‘ट्रेसटुगेदर’ आणले. भारताचे ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिलला आले. ब्लूटूथने जवळचे फोन आणि जीपीएसने ठिकाण अशी दुहेरी नोंद ते ठेवी. गोव्यातील लोकांनी त्याबाबत अनास्था दाखवली ती अज्ञानापोटी, असे म्हटले जाते; ते कितपत खरे?

गोव्यात पहिले तीन रुग्ण २५ मार्चला सापडले. १९ एप्रिलपर्यंत सातही रुग्ण बरे झाले आणि १ मेच्या केंद्रीय यादीत दोन्ही जिल्हे हिरव्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, पट्ट्यात होते. धास्ती होती ती बाहेरून येणाऱ्यांची. सगळे लक्ष पत्रादेवी, मोले, पोळे इथल्या सीमेवरच्या नाक्यांवर लागलेले. याच सुमारास केंद्राने सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांना ॲप सक्तीचे केले, रेल्वेनेही प्रवाशांना ते घ्यायला लावले. आपल्या व शेजाऱ्याच्या जिवासाठी घ्यायची वस्तू त्यामुळे परवान्यासारखी झाली. १७ मेला सक्ती सैल झाली, पण परवाना म्हणून घेतलेल्या ॲपचे ब्लूटूथ काम झाल्यावर कोण चालू ठेवणार?

खासगीपणाची शंकाही रास्त होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता, तरी माहिती-संरक्षणाचा स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. संपर्काची माहिती साधारणपणे १८० दिवसांपलीकडे ठेवायची नाही, हा नियम ११ मेला, म्हणजे ॲप कोट्यवधी फोनांत पोहोचल्यावर आला. अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे ॲपची मूळ आज्ञावली, २६ मेला सर्वांना पाहण्यासाठी खुला झाला. हे सारे आधी व्हायला हवे होते. सिंगापूरमध्ये तर ही माहिती गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना मिळू शकत होती, हे तिथल्या सरकारने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केले.

जून २०२० च्या सुरुवातीला वास्कोतील मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झाले. अशा दाट वस्तीत ॲपची मर्यादा कळते: ब्लूटूथला मधली भिंत कळत नाही, आणि घरात एकच स्मार्टफोन असला तर बाकीची माणसे नोंदीत येतच नाहीत. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक होता, पण तिथे लक्षणे आपणच सांगायची; संपर्क त्यातून कळत नसे. आणि रोजंदारीवर जगणाऱ्याचा प्रश्न वेगळाच. इशारा आला, विलगीकरणात जावे लागले, तर बुडालेली मजुरी कोण देणार? याचे उत्तर ॲपजवळ नव्हते. ते नसताना लोकांच्या अनास्थेला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

खेड्यात आणखी एक अडचण. ॲप बाधिताचे नाव सांगत नसे, पण आरोग्य केंद्राची गाडी दारात थांबली की वाड्यावर सगळ्यांना कळे. सरकारपेक्षा शेजारच्यांची नजर जड जाते, आणि त्यावर माहिती गुप्त ठेवणारे कुठलेही सांकेतिकीकरण चालत नाही.

संपर्कशोधाची सोय बंद करून जमलेली माहिती पुसल्याचे केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहिती-संरक्षणाचा कायदा संमत झाला.