वेबर की वेर्नर?

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधल्या जर्मन फुटबॉल संघाची यादी वाचताना हमखास फसगत होते. गोलकीपर दोन: आल्बर्ट वेबर आणि आडोल्फ वेर्नर. आद्याक्षरं सारखी, दोन्ही आडनावं 'वे'ने सुरू होऊन 'र'वर संपणारी. त्यात दोघं एकाच आठवड्यात देशाकडून खेळले, मग घोळ होणारच.

वेबर बर्लिनचा, फोरवेर्ट्स क्लबाचा. राष्ट्रीय संघाकडून त्याच्या वाट्याला जेमतेम तीन सामने आले. त्यातला लक्षात राहतो तो २९ जूनचा, ऑस्ट्रियाविरुद्धचा. मध्यंतराला जर्मनी १-० ने पुढे होती. पण सामन्यात वेबर जायबंदी झाला आणि मैदानातल्याच एका खेळाडूला गोलात उभं राहावं लागलं. बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हतीच. निकाल १-५. हे पाचही गोल वेबरच्या खात्यावर मांडणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

वेर्नरची गोष्ट लांबलचक आहे. हा कीलचा, होलश्टाइन कील क्लबाचा. १९०९ ते १९१२ दरम्यान १३ आंतरराष्ट्रीय सामने, म्हणजे त्या काळात जर्मनीचा नेहमीचा गोलकीपर हाच. मार्च १९०९ मध्ये ऑक्सफर्डला इंग्लंडच्या हौशी संघाने जर्मनीला ०-९ असं धुतलं, तेव्हाही गोलात वेर्नरच होता. जर्मन संघाचा तो आजवरचा सर्वांत मोठा पराभव. एवढा मार खाऊनही तो टिकला, आणि २६ मे १९१२ ला हाम्बुर्गमध्ये कीलने कार्ल्सरूहे एफव्हीला १-० ने हरवून जर्मन विजेतेपद पटकावलं. अंतिम सामन्यात एकही गोल न खाणं ही गोलकीपरची खरी कमाई.

वेबर बाद झाल्यावर ऑलिंपिकमधले पुढचे दोन्ही सामने वेर्नर खेळला. पहिल्या दोन फेऱ्यांत हरलेल्या संघांसाठी वेगळी सांत्वन स्पर्धा होती. तिथे १ जुलैला जर्मनीने रशियाला १६-० ने लोळवलं. एकट्या गोटफ्रीड फुक्सने १० गोल केले. फुक्स कार्ल्सरूहेचा! पाच आठवड्यांपूर्वी ज्या क्लबाला वेर्नरने गोल करू दिला नव्हता, त्याच क्लबाचा माणूस आता त्याच्या बाजूने गोलांचा पाऊस पाडत होता. वेर्नरला त्या दिवशी फारसं काही करावंच लागलं नसणार. दोन दिवसांनी हंगेरीने मात्र ती कसर भरून काढली: १-३, आणि जर्मनी घरी.