अस्थानी गर्भधारणेचे दुर्मीळ प्रकार

गर्भाशयाच्या पोकळीत रुजण्याऐवजी गर्भ भलत्या जागी रुजला, की ती अस्थानी गर्भधारणा. शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा तो गर्भनलिकेत असतो. उरलेले थोडे दुर्मीळ, आणि जास्त फसवे. 'गर्भाशयबाह्य' हा शब्द इथे तोकडा पडतो: सिझरच्या व्रणातला किंवा गर्भाशयमुखातला गर्भ पिशवीतच दिसतो.

गर्भाशयमुखातला गर्भ पडू लागलेल्या गर्भासारखा भासतो. सोनोग्राफीचा प्रोब हलकेच दाबल्यावर पडणारा गर्भ सरकतो, रुजलेला हलत नाही. डॉपलरवर (रक्ताची हालचाल दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रुजलेल्या गर्भाभोवती रक्तप्रवाहही दिसतो. हे न पाहता क्युरेटिंग केले (पिशवी खरवडून साफ केली) तर रक्तस्राव आवरत नाही, कारण गर्भाशयमुखाला आकसून रक्तवाहिन्या मिटवणारे स्नायू फारसे नसतात. व्रणातल्या गर्भाची पहिली नोंद 1978 ची. त्यात पोकळी रिकामी असते, गर्भ खाली पुढच्या भिंतीत असतो आणि मूत्राशयाशी जेमतेम पातळ पडदा उरतो. म्हणून आधी सिझर झालेल्या बाईची सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यातच व्हावी. नलिका गर्भाशयाच्या भिंतीतून जाते त्या भागातला गर्भ उशिरा फुटतो. त्याभोवतीचा स्नायू 5 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर संशय घ्यावा. अंडाशयातला बहुधा शस्त्रक्रियेतच ओळखू येतो. गर्भाशयात एक आणि बाहेर एक असे दोन गर्भ आपोआप राहणे 30,000 त सुमारे एकदा घडते, आयव्हीएफनंतर (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर) बरेच अधिक.

रुग्ण स्थिर असेल, गर्भाचे ठोके नसतील आणि रक्तातले एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारे संप्रेरक) कमी असेल तर मेथोट्रेक्सेट, म्हणजे फोलिक ॲसिडचे काम रोखून गर्भाची वाढ थांबवणारे औषध, चालते. 1982 मध्ये जपानमध्ये ते नलिकेच्या भिंतीतल्या भागातल्या गर्भावरच वापरले गेले होते. एका मात्रेच्या पद्धतीत चौथ्या ते सातव्या दिवसात एचसीजी किमान 15 टक्के उतरावे लागते. या काळात फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवतात. आशाताईंनी दिलेल्या गोळ्यांविषयी हे मुद्दाम विचारावे लागते. ठोके असतील तर गर्भात थेट इंजेक्शन देतात किंवा शस्त्रक्रिया करतात. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी, म्हणजे पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून द्यायचे इंजेक्शन.

नाशिक जिल्ह्यात यात अंतराचीही भर पडते. आशाताईंकडची लघवीची चाचणी दिवस गेल्याचे सांगते, गर्भ कुठे आहे ते नाही. मेथोट्रेक्सेटनंतर एचसीजी शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासावे लागते, आणि मध्येच पोट फुगून दुखू लागले तर तातडीने शस्त्रक्रिया व रक्त लागते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावर परतणाऱ्या बाईला ऐन पावसाळ्यात घाट उतरून-चढून हे जमणार नसेल, तर औषध चालण्याजोगे असूनही आधीच शस्त्रक्रिया करणे किंवा तिला शहरात नातेवाइकांकडे ठेवून घेणे योग्य ठरते.