अरुंद टायर आणि टणक हवा : एका समजुतीची पार्श्वभूमी

खान्देशातल्या खेड्यांतून दुधाचे कॅन लटकवून जळगाव-धुळ्याकडे निघणाऱ्या काळ्या सायकलीच्या टायरवर ‘२८ × १½’ असा आकडा उठवलेला असे. म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंदी. पुढे रेसिंग सायकली आल्या, तेव्हा टायर जितका अरुंद आणि टणक, तितका वेगवान, ही समजूत रुजली आणि हाच टायर मागासलेपणाची खूण ठरला. हे उलटे होते, कारण जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुळात हादरे कमी व्हावेत म्हणूनच.

रुंदी घटली ती शर्यतींमुळे. अरुंद टायर वजनाला हलका असतो, वाराही कमी अडवतो. शिवाय गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून घेतलेल्या चाचण्यांत हवा जितकी जास्त, तितका घरंगळण्याला होणारा रोध कमी दिसे. त्यामुळे १९९० च्या दशकात २३ मिलिमीटर रुंदी आणि १०० ते १२० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतका हवेचा दाब हे जणू शास्त्रच झाले. मात्र ड्रमवर माणूस बसलेला नव्हता. खडबडीत रस्त्यावर टणक टायर दबत नाही, उसळतो, आणि पुढे जाण्यासाठी लावलेला जोर स्वाराच्या अंगातच जिरतो. त्यातच, दाब सारखाच असेल तर रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग आखूड राहतो, म्हणून तो कमी वाकतो आणि सहज घरंगळतो. हे पटायला वेळ लागला, पण गेल्या दशकभरात व्यावसायिक स्वारही २५ वरून २८ मिलिमीटर आणि त्यापुढे गेले. टायर अडकवून धरणारी कडेची आकडी, म्हणजे हूक, नसलेल्या नव्या रिमना तर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयची मर्यादाच आहे.

आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा धरतो. तिथे सत्तर किलोच्या स्वाराला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा पुरते, असे माझे मत आहे. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने तिथे थोडी अधिक असावी. पहाटे २५ अंशांना भरलेली ८० पीएसआय हवा भुसावळच्या ४५ अंशांत सुमारे सहा पीएसआयने चढते, हेही धरावे. दूधवाला अंगठ्याने टायर दाबून हवा ओळखायचा. त्याच्या जाड टायरला ते चालून जाई, पण अरुंद टायरमधल्या ८० आणि १०० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. त्यासाठी काटा असलेला पंपच लागतो.