कासवाची जखम भरते कशी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली आमच्या शेजारची सातवीतली मुलगी प्लास्टिकचा टब दोन्ही हातांनी सांभाळत दारात आली. "काकू, ह्याचं कातडं सुटायला लागलंय. आजी म्हणत्यात हळद-तेल लावूया. लावू काय?"

टबात तिचं कासव होतं. तळहाताएवढं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतं ते रेड इअर्ड स्लायडर. मानेभोवती कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पारदर्शक चिंधोटी तरंगत होती. त्याची काळजी नव्हती. पाण्यातली कासवं वाढताना कातडी अशी तुकड्यातुकड्यांनी टाकतात, पाठीवरचे पातळ पापुद्रेही सुटतात. खाली स्वच्छ, ताजा रंग दिसत असेल तर हात लावायचा नाही. ओढून काढलं की निरोगी कातडी फाटते आणि नसलेली जखम आपणच करतो.

पण कासवाला उचलून मागचा पाय हलकेच बाहेर घेतला, तेव्हा मांडीच्या घडीत तांदळाच्या दाण्याएवढा चट्टा दिसला. कडेला गुलाबी, मधोमध पिवळट पांढरा. खरं दुखणं ते होतं.

हे होतं कशानं? टबाच्या खडबडीत कडेवर कातडी घासते, बारीक ओरखडा उठतो. कासव ज्या पाण्यात पोहतं त्याच पाण्यात हगतं, खाल्लेलं सांडतं. चार दिवस पाणी बदललं नाही की तिथले जिवाणू ओरखड्यातून आत शिरतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा! जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ऊन बघायला मिळणं मुश्कील, आणि कासवाचं सगळं शरीर उन्हावर चालतं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाच्या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं कासव चौकातून देवीकडं सरकताना आपण श्वास रोखून बघतो. जिवंत कासवाला मात्र ती किरणं रोजची लागतात. 290 ते 315 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले अतिनील किरण कातडीवर पडले की ड-3 जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात उतरतं. खिडकीची काच हे किरण अडवते. काचेआड ऊन खाणाऱ्या कासवाला नुसती ऊब मिळते.

ही ऊबसुद्धा महत्त्वाची आहेच. आपल्या अंगात जंतू शिरले की ताप चढतो. कासवाला तशी उष्णता आतून तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. थंड कासवाच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त असतात, जखमेची कड सांधायची थांबते. म्हणून माझ्या मते जखमी कासवाचं पहिलं औषध मलम नव्हे, ऊब आहे. आम्ही टबाचं पाणी 27-28 अंशांवर ठेवलं आणि कोरड्या विटेच्या वर दिवा टांगून 32 अंशांची जागा केली.

मग चट्ट्याकडे वळलो. मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं, म्हणजे सलाइननं, तो धुतला. बेटाडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं केलं, कापसानं लावलं, पाच मिनिटांनी पुसून घेतलं. कासवाला पाण्याबाहेर, स्वच्छ सुती कापडावर, उबेत ठेवलं. पाण्यातलं कासव आहे म्हणून ते सतत पाण्यात राहिलं तर खपली धरतच नाही. दिवसातून दोनदा तासभर स्वच्छ पाण्यात सोडायचं, कारण ते पाण्यातच खातं आणि पितं, मग पुन्हा टिपून कोरडं ठेवायचं. दर वेळी हात साबणानं धुवायचे, कारण निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

आजींची हळद मी लावू दिली नाही. माया खरी होती, पण तेलात कालवलेली पूड जखमेवर थापली की तिच्याखाली ओल आणि घाण कोंडते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड कोवळ्या पेशी जाळतात. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते: गोचीड-जंतांसाठी गुरांना, कुत्र्यांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका. हातपाय लुळे पडतात, श्वास बंद पडतो आणि कासव मरतं.

सूज आली तर पिळू नका. आपला पू वाहतो, कासवाचा वाहत नाही. त्याच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी द्रव्यं नसतात, त्यामुळे तो पनीरासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. नुसत्या प्रतिजैविकानं तो जात नाही, डॉक्टरांना कापून काढावा लागतो. डोळ्यामागे एका बाजूला गाठ दिसली तर बहुतेकदा कानात असाच गोळा असतो.

कवचाचं तर वेगळंच. ते अंगावर चढवलेलं चिलखत नाही. बरगड्या, मणके आणि कातडीतलं हाड एकजीव होऊन ते बनतं, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. दोरी बांधायला कवचाला भोक पाडणं म्हणजे जिवंत हाडाला भोक पाडणं. कवच तडकलं तर फेविक्विकनं किंवा एम-सीलनं बुजवू नका. आत जंतू अडकतात, आणि वरच्या कवचाखाली लगेच फुप्फुसं असतात. भेग धुवायलाही जाऊ नका. स्वच्छ कोरड्या गॉजनं झाकून थेट पशुवैद्यांकडे जा. कुत्र्यानं चावलेलं, अळ्या पडलेलं, खाणं सोडलेलं कासवही घरी ठेवायचं नाही. पोटाकडची बाजू लालसर झाली आणि कासव मलूल पडलं तर रक्तात जंतू पसरलेले असू शकतात, तेव्हा उद्यावर ढकलू नका.

हे सगळं पाळीव स्लायडरबद्दल. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव किंवा विहिरी-तळ्यांतलं आपलं मऊ पाठीचं कासव घरी ठेवणं गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोन्ही आहेत. पंचगंगेचा पूर ओसरल्यावर असं जखमी कासव सापडलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर रंकाळा तळ्यात सोडू नका. तो बाहेरचा प्राणी आहे, आपल्या कासवांची जागा आणि अन्न बळकावतो.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी रडवेली झाली. "काकू, काहीच फरक नाही की!" माझ्या पायावरचा ओरखडा आठ दिवसांत भरतो, कासवाच्या कातडीला महिने लागतात, कवचाला वर्षही. मी तिला भिंग दिलं आणि रोज चट्ट्याचं चित्र काढायला सांगितलं. दसऱ्याच्या आसपास तिनं वही आणून दाखवली. शेवटच्या पानावरची खपली एका कडेनं उचललेली होती, आणि तिच्याखाली पेन्सिलीनं अगदी हलक्या हातानं काढलेले बारीक राखाडी ठिपके होते.